डाव्या बाजूची स्प्रिंग

कर्वेनगर, पुणे
शुक्रवार, कोजागिरीचा आदला दिवस

प्रिय श्यामे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू काय केलं असशील ते मला इथे बसून दिसतंय. चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला विचारलं असशील, या बाईला फोन करायला काय धाड भरली होती? अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी मुद्द्यावर आले की तुझा कुकर तरी होतो, नाहीतर दाराची बेल तरी वाजते. गेल्या दहा महिन्यांत तुझ्या दारावर जेवढ्या बेला वाजल्या तेवढ्या एखाद्या मंत्र्याच्या दारावरही वाजल्या नसतील. म्हणून आता कागद. कागदाला मध्येच तोडता येत नाही. सरळ वाचत ये, आणि आयुष्यभर गणित शिकवलंस म्हणून आधी शेवटचं पान उलटून उत्तर बघू नकोस.

बातमी ही, की गाडी उठली! माझी ती पांढरी मारुती, जिच्याकडे बघून पार्किंगमधली मांजरंसुद्धा तोंड फिरवायची, ती आता चारही पायांवर ताठ उभी आहे. चार नवे शॉकअप, चार नव्या स्प्रिंगा, आणि त्यातला एकूण एक नट मी आवळलाय. मी म्हणजे मीच, बासष्ट वर्षांची, शिवणाची निवृत्त शिक्षिका, जिला शाळेत पंख्याचं बटण दुरुस्त करायलाही शिपाई बोलवावा लागत असे. दोन्ही हातांची नखं काळी झाली आहेत, डाव्या ढोपराला नवटाक हळद लागली आहे, आणि मी इतकी खूश आहे की सकाळपासून तीनदा उगाचच खाली जाऊन बॉनेट दाबून आले. दाबलं की खाली जाते, सोडलं की एकदाच वर येते आणि थांबते. पूर्वी पाळण्यासारखी हेलकावत बसायची.

तुला यातलं काही कळणार नाही, म्हणून एका वाक्यात सांगते. स्प्रिंग धक्का खाते आणि शॉकअप तिला गप्प बसवतो. शॉकअप गेला की स्प्रिंग उड्या मारत राहते आणि तो सगळा धक्का आत बसलेल्या माणसाच्या पाठीत जातो. आपल्या स्टाफरूममध्ये मी स्प्रिंग होते आणि तू शॉकअप, तीस वर्षं. एवढं पुरे.

हे सगळं कशासाठी ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. दिवाळी झाली की श्रीनिवास तुला खराडीला नेणार. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली बाग, बागेत म्हाताऱ्यांसाठी बाकडी. पोरगा वाईट नाही. त्याचं म्हणणं एकच, आई एकटी असताना बाथरूममध्ये पडली, मणका मोडला, पुन्हा पडेल, आणि मी ऑफिसात असेन. शनिवार पेठेतलं तुझं घर, सकाळी गॅलरीतून दूधवाल्याशी घातलेली हुज्जत, संध्याकाळी शिकायला येणाऱ्या त्या चार पोरी, सगळं बंद. आणि तू त्याला ठणकावून सांगायचं सोडून मान डोलावतेस, कारण जून महिन्यात डॉक्टरकडे रिक्षातून गेलीस, लक्ष्मी रोडपर्यंत पोचेस्तोवर डोळ्यांतून पाणी काढलंस, आणि त्यानंतर चार महिने जिना उतरलेली नाहीस. डॉक्टर म्हणतात मणका भरून आलाय, हिंडा-फिरा. तू म्हणतेस, वाहनात बसणार नाही. मग श्रीनिवासला वाटणारच, की आई आता घरात कोंडूनच राहणार, तर माझ्या घरात राहू दे. म्हणून मी ठरवलं, की तू ज्यात बसशील अशी एक गाडी पुण्यात असली पाहिजे. तुला त्या डाव्या सीटवर पुन्हा बसवायचं. मला दुसरं काहीही नको होतं.

आधी रीतसर गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं गाडीला वाकूनही बघितलं नाही. आजी, भंगारात द्या म्हणाला. मी विचारलं, माझाही भाव सांगतोस का, एकाच खेपेत दोन्ही होतील. तशीच गाडी वळवली आणि आमच्या तळमजल्यावरच्या सर्जेरावांचं दार वाजवलं. तू त्यांना पाहिलंयस, पांढरी टोपी, दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात. मूळचे खराडीचे, शेतकरी घरातले, पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ज्या खराडीला तुला नेणार आहेत तिथे त्यांची ज्वारी उभी असायची. आता हात थरथरतात, पाना धरवत नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्या सांगनार, तुमी करनार. माज्या हाताची वाट बगू नका. मी म्हटलं, मला तेच हवंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

घटस्थापनेच्या दिवशी जॅक लावला. गाडी उचलून खाली लोखंडी स्टँड दिले, कारण सर्जेरावांचा पहिला धडा असा, की जॅकवर इस्वास ठेवनारा मानूस पेन्शन खात न्हाई. पुढचं चाक काढलं आणि आत बघते तर सगळा गंज. पंधरा वर्षांचा चिखल, त्यावर गंज, त्यावर पुन्हा चिखल. बोल्ट कुठला आणि चिखल कुठला कळेना. रॉकेल पाजलं, ब्रशनं घासलं, पुन्हा रॉकेल पाजलं. तरी पहिला नट जागचा हलेना. मग मी पान्यावर उभी राहिले. हसू नकोस! पदर खोचून, आरशाला धरून, पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभी. सगळं वजन टाकलं तेव्हा कर्रर्र झालं आणि तो सुटला. मी इतक्या जोरात ओरडले, सुटला, की दुपारी अडीच वाजता चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. पुण्यात दुपारी अडीचला कुणाचं लग्न मोडलं तरी लोक चारपर्यंत थांबतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फळ्यावर सूचना. आमचे सेक्रेटरी माधवराव, त्यांना तू ओळखतेस, बोलायचं ते लिहून दाखवतात. वाहनतळावर वाहने उभी करावीत, त्यांच्या शस्त्रक्रिया करू नयेत. खाली सही. मी त्याखाली लाल खडूनं लिहिलं, रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही, क्षमस्व. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, रुग्णास आठ दिवसांत घरी सोडावे. म्हणजे परवानगी मिळाली. त्या माणसाशी असंच बोलावं लागतं.

मी माझ्या पद्धतीनं काम केलं. कपडा उसवायच्या आधी खुणा करायच्या, हे मी बत्तीस वर्षं पोरींना शिकवलं. तसंच इथे. सुटलेला प्रत्येक नट बटणांच्या डबीत, डबीवर चिठ्ठी. प्रत्येक भागावर शिंप्याच्या खडूनं खूण. सर्जेराव म्हणाले, एसटीत आमी समदं एका घमेल्यात टाकायचो आन मग शिव्या देत हुडकायचो. टेपनं मी जमिनीपासून चाकाच्या वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजली तर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली बसलेली. डावी, म्हणजे तुझी बाजू. ते मोजमाप मी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

सगळ्यात भीती वाटली स्प्रिंगची. पुढची स्प्रिंग दाबून धरायला दोन लांब आट्यांचे बोल्ट असतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत जायचं, एकदा इकडे, एकदा तिकडे. एका बाजूला जास्त आवळलं की ती वाकडी होऊन उसळते. सर्जेरावांनी खुर्ची लांब नेली आणि मला म्हणाले, तोंड समोर आनू नका बाई, सुटली तर इचारायला तोंड ऱ्हानार न्हाई. मग मी तुझा एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, डावा बोल्ट. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, उजवा बोल्ट. दहापर्यंत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सातवीच्या पोरींनी तुझ्या त्या पाढ्याला जेवढे शाप दिले तेवढे आशीर्वाद मी त्या दुपारी दिले. स्प्रिंग बसली, टोपण बसलं, वरचा नट बसला. काय सांगू श्यामे, निकालाच्या दिवशी शंभर टक्के लागल्यावर वाटायचं तसं वाटलं.

आणि मग माती खाल्ली. दोन्ही पुढचे शॉकअप तयार करून त्यांच्यावर खडूनं डा आणि उ लिहिलं, गाडीला चढवले, आवळले. बघते तर ब्रेकची नळी अडकवायची पट्टी उलट्या अंगाला. दोन्हीकडे! डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे. मी गाडीच्या तोंडासमोर उभं राहून माझी डावी ती गाडीची डावी धरली होती. अगं, बत्तीस वर्षं पोरींच्या हातावर पट्टी मारून मी सांगितलं, की डावी बाही म्हणजे घालणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची नव्हे! आणि स्वतः गाडीसमोर उभी राहून बघणारी झाले. सर्जेराव सगळा वेळ चहा पीत बघत होते. मी उखडले, तुम्हाला दिसत होतं तर बोलला का नाहीत? तर म्हणतात, मला वाटलं शिवनकामात तसंच आसतंय. त्या माणसाला मी त्या क्षणी पाना फेकून मारला असता. सगळं पुन्हा उसवलं. तो दिवस अष्टमीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर माझी पेटी रिकामी. सगळी हत्यारं सर्जेरावांच्या दारात पाटावर मांडलेली, हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. खंडेनवमी! मी म्हटलं, अहो, माझी गाडी पुढच्या दोन पायांशिवाय स्टँडवर उभी आहे. ते म्हणाले, उभी हाय न्हवं, पळून जात न्हाई. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा झाल्याबिगर हात लावायचा नसतो. माधवरावांनी दिलेल्या आठ दिवसांची मुदत संपत आली होती आणि पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या धुऊन दसऱ्यासाठी चकचकीत होत होत्या. माझी तेवढी लंगडी. सगळा दिवस मी सर्जेरावांच्या शेजारी हात बांधून बसले. तेव्हा ते एक गोष्ट बोलले. ती मी शेवटी सांगते, पण सांगते नक्की.

दसऱ्याला चाक नसलेल्या गाडीला हार घातला, पूजा झाली, आणि पाटावरून पाना उचलला तो संध्याकाळी पाचला खाली ठेवला. या वेळी गाडीत बसून, स्टिअरिंगला हात लावून, बसणाऱ्याची डावी बाजू कोणती ते आधी ठरवलं. मागचे दोन शॉकअप सोपे गेले. शेवटचा धडा मात्र सर्जेरावांनी राखून ठेवला होता. सांध्यांमध्ये रबराच्या पुंगळ्या असतात, त्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लटकत असताना पक्के आवळायचे नाहीत, नुसते हातानं लावायचे. चाकं जमिनीला लागली, वजन आलं, की मग आवळायचे, नाहीतर रबर पिळवटून महिन्यात फाटतं. मी विचारलं, वजन किती हवं? ते म्हणाले, बसनाऱ्याचं. तुझ्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये अठ्ठेचाळीस किलो लिहिलंय ते मला पाठ आहे. तांदळाचं पोतं पंचवीस, माझ्या शिलाई मशीनचं मुंडकं बारा, गहू पाच, आणि मथुराबाईंचा वरवंटा सहा. मथुराबाई म्हणजे सर्जेरावांची बायको, त्यांनी वरवंटा देताना कशाला हवाय हेसुद्धा विचारलं नाही. एवढा ढीग डाव्या सीटवर रचला, त्याला बेल्ट लावला, आणि चाकांखाली फळ्या देऊन गाडीच्या पोटाखाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट आवळला. तू वर बसली आहेस आणि मी खाली आहे, असं धरून आवळला. टेपनं पुन्हा मोजलं. डावी, उजवी, सारखी. एका दोऱ्याचाही फरक नाही!

परीक्षा झाली काल सकाळी. माधवराव सांगायला आले, की रविवारपर्यंत हे प्रकरण पार्किंगमधून दिसेनासं व्हावं. मी म्हटलं, बसा. त्यांना तुझ्या सीटवर बसवलं आणि मांडीवर ताकाचं पातेलं दिलं, काठापासून दोन बोटं कमी. ताक सांडलं तर गाडी भंगारात, नाही सांडलं तर फळ्यावर गाडीचं नाव पुन्हा निघणार नाही. कडक इस्त्रीची पांढरी पँट घातलेल्या माणसानं हा सौदा का मान्य केला ते देवाला ठाऊक. कर्वेनगर ते शनिवार पेठ. वाटेत त्यांनी स्पीडब्रेकर मोजले, ते मोजणारच, तेवीस भरले. रंगवलेले, न रंगवलेले, आणि लोकांनी आपल्या घरासमोर हौसेनं केलेले. प्रत्येकाला मी वेग कमी केला, गाडी चढली, उतरली, आणि गप्प. डेक्कनला एका स्कूटरवालीनं आडवी घातली तेव्हा मला ब्रेक दाबावा लागला आणि चार थेंब माधवरावांच्या गुडघ्यावर पडले. त्यांनी रुमालानं पुसलं आणि निकाल दिला, हे ब्रेकचं आहे, स्प्रिंगचं नाही, धरायचं नाही. परत आल्यावर ताक पिऊन टाकलं आणि म्हणाले, बरी आहे. श्यामे, पुण्यात जन्मलेल्या माणसानं कशालाही बरी आहे म्हटलं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. आज सकाळी फळा कोरा होता.

तेविसाव्या स्पीडब्रेकरनंतर मी तुझ्याच घराखाली थांबले होते. वर गॅलरीत तुझी हिरवी साडी वाळत होती. हॉर्न वाजवला असता तर तू डोकावली असतीस. हात हॉर्नवर ठेवला आणि काढून घेतला. नुसती गाडी दाखवून भागणार नव्हतं.

आता सर्जेराव नवमीला काय बोलले ते. ते म्हणाले, बाई, गेल्या दिवाळीला म्या तुमाला सांगितलं व्हतं, शॉक गेल्यात, शेजारी मानूस बसवू नगा. तुमी म्हनला बगू. खरं आहे. मी म्हटलं होतं बघू. आणि महिन्याभरानं डिसेंबरात मी तुला शेजारी बसवून खडकवासल्याला कणीस खायला नेलं. परतताना मी तावातावानं बोलत होते, कशाबद्दल ते आता आठवतही नाही, आणि वेग पन्नासच्या वर होता. नवा, न रंगवलेला स्पीडब्रेकर. गाडी उडाली आणि खाली आली ती येतच राहिली, तिला थांबवायला खाली काही नव्हतंच. तू आई गं म्हणालीस. मग म्हणालीस, काही नाही, चल घरी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात श्रीनिवासनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बाथरूममध्ये पाय घसरला. त्याच्या खांद्यावरून तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी गप्प बसले. दहा महिने तुला डबे आणले, पाठ शेकली, आणि गप्प बसले. मला वाटत होतं तू मला वाचवलंस. पण त्याच खोट्यापायी आता तुझं घर चाललंय. म्हणून हे पत्र खरं तर तुझ्यासाठी नाहीच. वाचून झालं की हे श्रीनिवासच्या हातात दे, त्याला ते पोचलं पाहिजे. श्रीनिवास, तुझी आई पडली नाही, बाळा. ती आजवर कधीच पडलेली नाही, तिचे पाय तुझ्या-माझ्यापेक्षा पक्के आहेत. तिला मी पाडलं. तिला एकटं राहता येतं, तिला कुठेही नेऊ नकोस. माझ्यावर हवा तेवढा राग काढ, मी परवा रविवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या दारात उभी आहे. तू मागच्या सीटवर बस, मांडीवर ताकाचं पातेलं घे, आणि माझ्या हातावर नजर ठेव. खडकवासल्यालाच जायचं, त्याच रस्त्यानं. आणि श्यामे, तुझं एक वाक्य खोडून मी हे सगळं लिहून दिलंय, त्याबद्दल काय भांडायचं ते जिना उतरून, गाडीत बसून भांड. डाव्या सीटवरून वरवंटा काढून ठेवलाय.

तुझीच, आणि यापुढे तोंड बंद ठेवून गाडी चालवणारी,
हेमा